इथे असं चालत नाही

पुण्यातला माणूस वकिलाकडे सल्ला घ्यायला जात नाही. सल्ला त्याच्याजवळ तयार असतो. वकिलाने तो ऐकून मान डोलवावी, खाली सही ठोकावी आणि सहीपुरतीच फी घ्यावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. आमचे नाना याच परंपरेतले. बँकेत पस्तीस वर्षं लोकांच्या अर्जांत चुका काढून ते निवृत्त झाले, कोथरूडला राहतात, आणि ‘नियम दाखवा’ हे वाक्य रिक्षावाल्यापासून सत्यनारायणाच्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालेलं आहे.

त्यांच्या मावशी गेल्या. अविवाहित, जन्मभर शाळेत शिकवलेलं, नव्वदी ओलांडलेली. मृत्युपत्र स्वच्छ, स्वतःच्या वळणदार अक्षरात, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. जे काही आहे ते नानांना. भानगड मृत्युपत्रात नव्हती, भूगोलात होती. नारायण पेठेतल्या वाड्यात चौथा हिस्सा, दादरला दोन खोल्यांचा फ्लॅट, बेळगावात टिळकवाडीला एक प्लॉट, आणि फोंड्याजवळ आजोबांच्या नावावरच राहून गेलेल्या घरात वाटा. शिवाय नाशिकला एक मावसभाऊ, ज्याला हे मृत्युपत्र अजिबात पटलेलं नव्हतं.

“त्यात काय आहे?” नाना म्हणाले. “कायदा देशभर एकच. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता. पुस्तक आणतो, वाचतो, दावा लावतो.”

गंमत म्हणजे नाना चुकीचं काहीच बोलले नव्हते. अमेरिकेत संघाची कोर्टं वेगळी आणि राज्यांची वेगळी, तसं आपल्याकडे नाही. तालुक्याच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच रांग. संहिताही एकच, १५८ कलमं आणि ५१ ऑर्डर. पण दिवाणी प्रक्रिया हा विषय घटनेने समवर्ती सूचीत ठेवला, त्यामुळे संसदेने लिहिलेल्यात राज्याला हात घालता येतो. त्याच संहितेचं १२२ वं कलम हायकोर्टांना सांगतं की ऑर्डरींमधले नियम बदला, काढा, नवे घाला. घटनेच्या २२७ व्या कलमाने खालच्या कोर्टांचं कामकाज, रजिस्टरं आणि नमुने ठरवायचं कामही हायकोर्टाकडेच दिलंय. त्यातून जाडजूड सिव्हिल मॅन्युअल तयार होतं. कोर्ट फी राज्य ठरवणार. आणि या सगळ्याच्या तळाशी, कुठेही न छापलेला, कोणत्याही राजपत्रात न आलेला, पण सर्वांत कडक असा खिडकीवरचा नियम. संघराज्य म्हणजे काय हे नागरिकशास्त्राच्या पेपरात कळत नाही. ते दावा दाखल करताना कळतं.

नानांनी आधी अप्पा बळवंत चौक गाठला. नव्या पुस्तकाची किंमत बघून ते तसेच मागे फिरले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सर दिनशा मुल्लांच्या भाष्याची एक जुनी आवृत्ती घेऊन आले. पाठीला चिकटपट्टी, आत कुणा दिवंगत वकिलाच्या पेन्सिलच्या खुणा. कायद्याचं पुस्तक जुनं घेणं म्हणजे मागच्या वर्षीचं कालनिर्णय स्वस्तात घेणं. तारखा सगळ्या असतात, वार चुकतात.

या पुस्तकात मूळ नियम मोठ्या टायपात असतो आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात निरनिराळ्या हायकोर्टांनी केलेल्या दुरुस्त्या. इंग्रजी वर्णक्रम असल्यामुळे पहिला मान अलाहाबादचा, मग आंध्र, मुंबई, कलकत्ता, दिल्ली अशी वरात. नानांना एका दुपारी अगदी हवा तसा नियम सापडला. त्यांनी त्याखाली लाल रेघ मारली, झेरॉक्स काढली, नाशिकच्या मावसभावाला व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि संध्याकाळी वकीलसाहेबांसमोर ठेवली. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “नाना, हा अलाहाबादचा आहे. याचा फायदा घ्यायचा तर मावशींचा वाडा प्रयागराजला हलवावा लागेल.”

मग नानांना ९-अ सापडलं. हे कलम फक्त महाराष्ट्राचं. विधिमंडळाने १९७७ मध्ये ते संहितेत घातलं. मनाईहुकुमाचा अर्ज सुनावणीला आला आणि समोरच्याने ‘या कोर्टाला अधिकारच नाही’ असा आक्षेप घेतला, की आधी त्या आक्षेपाचा निकाल लावायचा, बाकी सगळं नंतर. दावा रेंगाळावा असं ज्यांना मनापासून वाटे, त्या प्रतिवादींचं हे लाडकं कलम. मग प्रश्न निघाला की मुदत संपल्याचा आक्षेपही यात बसतो की नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन खंडपीठांनी या प्रश्नाची दोन उत्तरं दिली, आणि एकाच वर्षात दिली. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, नाही बसत. तोवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये ते कलमच काढून टाकलेलं होतं. नानांनी मात्र मुल्लांच्या जुन्या आवृत्तीवरून ९-अ पाठ केलं होतं आणि घरात सुनेला त्याचं महत्त्व समजावूनही सांगितलं होतं. सून आयटीत आहे. ती म्हणाली, “बाबा, जुनी व्हर्जन आहे तुमची. अपडेट मारा.”

पुण्याचा दावा तुलनेने सरळ होता: मृत्युपत्र खरं आहे असं ठरवून द्या, आणि मावसभावाला वाड्यातला हिस्सा विकण्यापासून थांबवा. वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न होता, “वहिनींचं नाव आहे का मृत्युपत्रात?” नाना चमकले. वकीलसाहेबांनी समजावलं. महाराष्ट्र सरकारने १९९४ मध्ये अधिसूचना काढून पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. मावशींनी नानांऐवजी वहिनींना सगळं दिलं असतं तर पुण्यातली फी वाचली असती. नाना घरी येऊन बराच वेळ गप्प बसले. वहिनी म्हणाल्या, “तरी मी मावशींना म्हणत होते.”

दाव्याची फाईल नानांनी स्वतः तयार केली. टायपिंग स्वतःचं, पानांचे आकडे स्वतःचे, दोरा स्वतः ओवलेला. वकीलसाहेबांचा कारकून सोबत होता, पण त्याला हात लावू दिला नाही. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी फाईल हातात घेतली आणि वाचली नाही. वजन केल्यासारखी नुसती चाळली.

“पत्त्याचा मेमो?”

“दाव्यात पत्ता आहे की.”

“वेगळा लागतो.”

“कोणत्या नियमाखाली?” नानांनी ठेवणीतला आवाज काढला.

“नियम मला विचारू नका. त्याशिवाय इथे असं चालत नाही.” आणि फाईल परत आली.

नाना तणतणत घरी आले आणि रात्री मुल्ला उघडून बसले. अकराच्या सुमाराला त्यांचा मला फोन आला. आवाज पडलेला. ऑर्डर सहा, नियम चौदा-अ. पक्षकाराने आपला पत्ता वेगळ्या निवेदनाने द्यायचा; १९७६ च्या दुरुस्तीत आलेला नियम. बाईंना क्रमांक ठाऊक नव्हता, पण नियम नेमका ठाऊक होता. नानांचं बरोबर उलटं होतं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण कायद्याच्या शोधात माणसं पुस्तकाकडून खिडकीकडे जातात, आणि निम्म्या वेळी खिडकीकडून पुस्तकाकडे यायला हवं असतं. त्या बाईंनी दिवसाला जितक्या फायली चाळल्या असतील तितकी पानंही आपण वाचलेली नसतात.

अखेर दावा दाखल झाला. निशाणी १ म्हणजे दावा, आणि मनाईहुकुमाचा अर्ज म्हणजे निशाणी ५. महाराष्ट्रात कुठल्याही दिवाणी कोर्टाच्या आवारात उभं राहून “एक्झिबिट फाइव्हचं काय झालं?” विचारा, सगळ्यांना कळतं. मनाई मिळाली तर दावा निम्मा जिंकला, नाही मिळाली तर वकील म्हणतो, “मूळ दाव्यात बघू,” आणि पक्षकार समजून जातो की आता आपण आयुष्यभर भेटत राहणार.

मावसभावाला समन्स मिळालं. नियम सांगतो, कैफियत तीस दिवसांत. कारण असेल तर नव्वद दिवसांपर्यंत. नानांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर नव्वद दिवस गोल करून ठेवले. नव्वदाव्या दिवशी शंकरपाळी केली. एक्क्याण्णवाव्या दिवशी बिनकैफियत दावा पुढे चालवण्याचा हुकूम झाला. पुढच्या तारखेला मावसभावाचा अर्ज आला की आजारपणामुळे उशीर झाला, हुकूम रद्द व्हावा. हुकूम रद्द झाला, वर खर्चापोटी थोडे रुपये. रोजनाम्यात एक ओळ. नानांना वाटलं हा सरळ अन्याय आहे. पण सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगून ठेवलंय की ही नव्वद दिवसांची मुदत कोर्टाचे हात बांधत नाही. अपवादात्मक कारण असेल तर वाढवता येते. आता अपवादात्मक म्हणजे काय? व्यापारी दाव्यांत मात्र १२० दिवस म्हणजे १२० दिवस, एकशे एकविसाव्याला दार बंद. “म्हणजे मी मावशीशी धंदा केला असता तर बरं झालं असतं,” नाना म्हणाले.

वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर नाव लावायला गेले तेव्हा कुणीतरी वारस दाखल्याचा विषय काढला. नानांनी विचारलं, कोणत्या कायद्याने? उत्तर आलं: मुंबईचं रेग्युलेशन आठ, सन १८२७. नाना म्हणाले, “सालात चूक आहे.” चूक नव्हती. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती, एल्फिन्स्टन साहेब मुंबईचे गव्हर्नर होते, तेव्हाचं हे रेग्युलेशन आजही शाबूत आहे आणि वारस, मृत्युपत्राचे व्यवस्थापक यांची रीतसर ओळख त्याखाली आजही पटवली जाते. ९-अ चं आयुष्य चाळीस वर्षांचं आणि हे दोनशेच्या घरात आलंय. पुण्याला नाहीतरी वेगळ्या प्रक्रियेची जुनी सवय आहे. १८७५ मध्ये सुप्यात सावकारांच्या वह्या जळल्या, दंगे पसरले, त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना होता. त्यात कर्जाच्या दाव्याची रीत वेगळी, दाव्याआधी समेट घडवणारे वेगळे, गावचे मुन्सफ वेगळे. जिल्हा ओलांडला की कायद्याची वाट बदलायची. नानांना हे सांगितल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं. आपल्या त्रासाला इतिहास आहे म्हटलं की पुणेकराचा त्रास अर्धा होतो.

आता दादर. पुण्यातला वाडा मृत्युपत्राने मिळाला तर प्रोबेट लागत नाही. दादरचा फ्लॅट मिळाला तर तेव्हा लागायचं. मृत्युपत्र तेच, साक्षीदार तेच, मावशी त्याच. हे कशामुळे, तर १९२५ च्या वारसा कायद्यामुळे: हिंदूंच्या बाबतीत प्रोबेटची सक्ती फक्त मुंबई आणि मद्रास हायकोर्टांच्या मूळ दिवाणी हद्दीत आणि जुन्या बंगालच्या मुलखात केलेल्या किंवा तिथल्या स्थावराबद्दलच्या मृत्युपत्रांना होती. कंपनी सरकार जिथे वखारी घालून बसलं, तिथे ही सक्ती बसली. घाटावर कागद पुरायचा, घाट उतरला की हायकोर्टाचा शिक्का लागायचा.

हायकोर्टात नानांनी ठरवलं की वकील नकोच. स्वतः उभं राहायचं. त्यासाठीही नियम निघाले. पक्षकाराने स्वतः बाजू मांडण्याबद्दल मुंबई हायकोर्टाने २०१५ मध्ये नियम केले आहेत. रजिस्ट्रीतल्या अधिकाऱ्यांची समिती तुमचे कागद तपासते, तुमच्याशी बोलते आणि तुम्ही कोर्टाला नीट मदत करू शकाल की नाही यावर मत देते. नानांनी आयुष्यभर इतरांच्या मुलाखती घेतलेल्या. ते इंद्रायणीने गेले, परीक्षेला जावं तशी दोन पेनं खिशात. परत आल्यावर इतकंच म्हणाले, “त्यांनी मला प्रेमाने वकील करायला सांगितलं.”

शिवाय हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. पुण्यात १९९८ पासून जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी, म्हणून मावशींचं अक्षर तिथे जसंच्या तसं चाललं. मुंबईत त्याचं इंग्रजी करून घ्यावं लागलं. मावशींनी लिहिलं होतं की नाशिकच्या भाच्याला काही देऊ नये, ‘कारण तो कारण आहे’. या वाक्याचं इंग्रजी होईपर्यंत प्रोबेट तीन आठवडे अडलं.

आणि प्रोबेटचे सगळे नियम मुखोद्गत झाले, सायटेशन काय, साक्षीदाराचं शपथपत्र काय, कॅव्हेट पडलं की अर्जाचा दावा कसा होतो, इतपत नाना तयार झाले, तेव्हा २०२५ च्या अखेरीस संसदेने सक्तीचं ते कलमच काढून टाकलं. आमच्या सोसायटीत आता असा समज पसरलाय की नानांनी एखादं कलम पाठ केलं की सरकार ते रद्द करतं. एका सभासदाने त्यांना पार्किंगचा नियम नीट वाचायला दिलाय.

मुंबईच्या फेऱ्यांवरून पुणेकरांचं एक जुनं दुखणं निघतं. नागपूरला खंडपीठ, औरंगाबादला खंडपीठ, गोव्याला खंडपीठ. पुण्याची मागणी कित्येक दशकांची. ऑगस्ट २०२५ मध्ये नवं सर्किट बेंच सुरू झालं ते कोल्हापुरात. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे गेले. पुणे राहिलं मुंबईकडेच. नानांना हे इतकं लागलं की ‘कोल्हापूरला तांबडा-पांढरा आहे ना, मग पुरे की’ असं ते एकदा बोलून गेले, आणि सासरवाडी कोल्हापूरची असल्यामुळे त्यांना दोन दिवस बाहेर जेवावं लागलं.

बेळगावचं प्रकरण आणखी निराळं. टिळकवाडीच्या प्लॉटवर शेजाऱ्याने पत्र्याची शेड ठोकली होती. मालमत्ता जिथे, दावा तिथे, हे सोळावं कलम. सतरावं म्हणतं की एकच तक्रार अनेक ठिकाणच्या मालमत्तेबद्दल असेल तर त्यातल्या कुठल्याही एका कोर्टात चालेल. नानांनी सतरावं कलम घेऊन बेळगाव पुण्यात आणायचा जंग जंग प्रयत्न केला, पण शेजाऱ्याची शेड काही नारायण पेठेत शिरलेली नव्हती. शेवटी तिथे वकील दिला. तिथला दावा म्हणजे ‘ओ.एस.’. संहिता तीच, पण मुंगीच्या अक्षरातली दुरुस्ती आता कर्नाटक हायकोर्टाची, कामकाजाचे नियम कर्नाटकचे, फी कर्नाटकची, समन्सवर कन्नड. आणि पहिल्याच फोनवर हे झालं:

“एक्झिबिट फाइव्हचं काय झालं?” नाना.

“पाचवा पुरावा?” तिकडचे वकील. “नाना, अजून पुरावा सुरूच झाला नाही. पहिलासुद्धा पडायचा आहे.”

“मनाईचा अर्ज हो.”

“हां, आय.ए. नंबर एक म्हणा की.”

पुढे नानांनी हुकूमनाम्यानंतरच्या ‘दरखास्ती’ची चौकशी केली, तिकडे तिला ‘ई.पी.’ म्हणतात. ‘पुरसीस’ देऊ का विचारलं, तर तिकडे ‘मेमो’. हे दोन जिल्हे शंभर वर्षांहून जास्त काळ एकाच मुंबई इलाख्यात होते. १९५६ मध्ये रेघ ओढली गेली आणि एका बाजूचा पाच नंबरचा कागद दुसऱ्या बाजूला एक नंबरचा झाला.

नानांना अजून एक शंका होती, आणि ती काही वेडगळ नव्हती. प्लॉट नक्की कोणत्या राज्यात? कारण सीमाभागासाठी महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावलाय, मूळ दावा क्रमांक ४, सन २००४. राज्याने राज्याविरुद्ध लावायचा, घटनेच्या १३१ व्या कलमाखालचा. तिथल्या प्रक्रियेला मुल्ला लागू नाही, सुप्रीम कोर्टाचे स्वतःचे नियम. नानांनी बेळगावच्या वकिलांना विचारलं, “हा निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला तर माझी शेड कोणत्या कोर्टात?” वकील म्हणाले, “नाना, तोवर शेडचा पत्रा गंजून पडलेला असेल.”

गोव्याला पोचल्यावर मात्र नानांनी मुल्ला गाडीतच ठेवला. हायकोर्ट तेच, मुंबईचं, पण वारसाची वाट पोर्तुगीज वळणाची. आजोबा गोमंतकीय, त्यामुळे त्यांच्या घराची वाटणी ‘इन्व्हेंटरी’ने. आधी पोर्तुगीज संहितेखाली चाले, आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्याखाली, जो लागू झाला २०१६ मध्ये. कुटुंबातल्या एकाला प्रमुख नेमायचं, त्याला अजून जुन्या पोर्तुगीज नावानेच, काबेसा द काझाल म्हणतात. त्याने शपथेवर सगळी यादी द्यायची, घर, झाडं, भांडी. वारसांच्या बायका आणि नवरे यांनाही पक्षकार करायचं, कारण तिथे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आणि घर कुणाला हवं यावर एकमत झालं नाही तर वारसांमध्येच बोली. ही शेवटची गोष्ट ऐकून नाना हरखले. दिल्ली ते पुणे कुठल्याही नियमात त्यांना इतकी स्पष्ट भाषा मिळाली नव्हती: हवंय ना, बोल किती? अडचण फक्त एक. यादीसाठी लागणारी आजोबांची कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये होती, आणि पोर्तुगीज जाणणारे जे गृहस्थ सापडले त्यांना ‘नाशिकचा मावसभाऊ’ हे नातं कळेना.

याच सुमाराला नानांचा भाचा अमेरिकेतल्या एडिसनहून आला. त्याला म्युनिसिपल कोर्टाचं पार्किंगचं चलन झालेलं, त्यामुळे तोही स्वतःला जाणकार समजत होता. “आमच्याकडे सगळं सिस्टिमॅटिक आहे,” त्याने सुरुवात केली आणि नानांनी त्याला धरला. चौकशीअंती निष्पन्न झालं ते असं: संघाच्या कोर्टांसाठी १९३८ पासून दिवाणी नियम एकच, पण त्याच नियमांतला ८३ वा नियम प्रत्येक जिल्हा कोर्टाला स्थानिक नियम करू देतो, आणि अशी जिल्हा कोर्टं ९४. त्यावर कित्येक न्यायाधीशांचे स्वतःचे हुकूम वेगळे. राज्यांची कोर्टं, त्यांचे नियम, ते आणखी वेगळे. तिथलं सुप्रीम कोर्ट सेंच्युरी घराण्यातला टाइप मागतं, बारा पॉइंट. शिकागोचं अपील कोर्ट वकिलांना लेखी समजावतं की टाइम्स न्यू रोमन वर्तमानपत्रासाठी केलेला, तो टाळा. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये गारामाँड वापरू नका असं सुचवलं. आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापायला परवानगी देताना सांगितलं: टाइम्स न्यू रोमन, चौदा पॉइंट, डावीउजवीकडे चार सेंटिमीटर समास. म्हणजे शिकागोत जो टाइप लावून अडाणी ठराल, तोच दिल्लीत लावला नाही तर कागद परत. नानांना हे फार समाधानाचं वाटलं. त्यांनी भाच्याला विचारलं, “आणि तुमच्याकडे पत्त्याचा मेमो?” भाच्याला माहीत नव्हतं. “शोध,” नाना म्हणाले. “कुठल्यातरी खिडकीवर मागत असणारच.”

एव्हाना नानांची ख्याती झाली होती. सकाळी तारीख नसली तरी ते शिवाजीनगरला जातात, नोटरींच्या टेबलांपलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहतात, आणि कुणी गोंधळलेला पक्षकार दिसला की सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबर मोबाइलमध्ये कसा टाकायचा इथपासून सुरू करतात. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पीयू म्हणजे पुणे. फी घेत नाहीत; चहा घेतात. वकीलसाहेबांचा कारकूनसुद्धा परवा त्यांना हळूच विचारून गेला की ऑर्डर सहाचा तो चौदा-अ नक्की काय म्हणतो.

आणि अशात नाशिकहून फोन आला. मावसभाऊ थकला होता. त्याचाही बेळगावचा प्रवास झाला होता, त्यालाही गोव्याच्या यादीत बायकोचं नाव घालायला सांगितलं होतं. तो म्हणाला, नाना, पुरे झालं. वाडा तुझा, फ्लॅट तुझा, प्लॉट तुझा. मला फक्त फोंड्याच्या घरात एक खोली राहू दे, मे महिन्यात चार दिवस यायला. ऑर्डर तेवीस, नियम तीनची तडजोड पुरसीस देऊ, दोघं सही करू, मोकळे होऊ. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेने फोन स्पीकरवर ठेवला.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तडजोड?” ते म्हणाले. “वेडा आहेस का? आत्ता कुठे मी कर्नाटक हायकोर्टाच्या दुरुस्त्या वाचायला घेतल्यात.”